विमा आहे, तरी थेरपीचे पैसे खिशातूनच का जातात?

"डॉक्टर, पाच लाखांचा मेडिक्लेम आहे आमचा. मग मुलीच्या थेरपीचे पैसे का मिळत नाहीत?" एका वडिलांनी मागच्या वर्षी मला हे विचारलं. हातात पावत्यांचा गठ्ठा होता. कॉलेजात शिकणारी त्यांची मुलगी नैराश्यासाठी मानसशास्त्रज्ञांकडे जात होती आणि पाचव्या सत्रानंतर जाणं थांबलं होतं. बरी झाली म्हणून नव्हे, दर आठवड्याला दीड हजार रुपये जमेनात म्हणून.

हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो, म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर देतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण एका शब्दापाशी अडतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजारांसाठी ज्या धर्तीवर आरोग्य विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारांसाठीही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद केली पाहिजे. विमा नियामक म्हणजे आयआरडीएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. तरीही अनेक पॉलिस्यांच्या 'वगळलेले आजार' या यादीत मानसिक आजार तसेच राहिले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका नाकारलेल्या दाव्यात रुग्ण महिलेच्या बाजूने निकाल दिला आणि कायदा लागू झाल्यानंतर हे आजार वगळता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाने पुन्हा बजावलं की महिनाअखेरपर्यंत सगळ्या पॉलिस्या कायद्याप्रमाणे करा.

म्हणजे आज स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा तीव्र नैराश्यासाठी रुग्णाला भरती करावं लागलं, तर 'मानसिक आजार आहे' एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही.

मग त्या वडिलांना पैसे का मिळाले नाहीत? 'त्याच धर्तीवर' या शब्दांमुळे. आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा हा मुळात रुग्णालयात भरती होण्याचा विमा आहे. साधारण चोवीस तास भरती असाल, तर खर्च मिळतो. मधुमेहासाठी तुम्ही माझ्याकडे येता, त्या तपासणीचे पैसे कंपनी देत नाही. म्हणून थेरपीचेही देत नाही. कंपनीच्या दृष्टीने हिशोब बरोबर आहे, दोघांना सारखंच नाकारलं.

मला मात्र ही समानता खरी वाटत नाही. मधुमेही माझ्याकडे वर्षातून चार-पाच वेळा येतो. नैराश्याच्या रुग्णाला सुरुवातीला दर आठवड्याला जावं लागतं, कारण समोर बसून तासभर होणारं बोलणं हाच तिथे उपचार असतो. आणि ज्या उपचारामुळे भरती व्हायची वेळ टळू शकते, त्याला विमा नाही. वेळ आल्यावर मात्र आहे.

"मग दोन दिवस ॲडमिट दाखवा ना," असंही काही जण सुचवतात. तसं करू नका आणि डॉक्टरांना करायला सांगू नका. ती फसवणूक आहे. शिवाय केवळ तपासण्या किंवा निरीक्षणासाठी झालेली भरती पॉलिसीत वगळलेली असते, त्यामुळे दावा फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक खाच आहे. दारू आणि इतर व्यसनांशी निगडित मानसिक स्थिती कायद्याच्या व्याख्येत मानसिक आजारातच मोडते. पण विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये व्यसनांवरचे उपचार वगळण्याची कंपन्यांना मुभा आहे. व्यसनमुक्तीसाठी भरती करण्याआधी पॉलिसीतली ही ओळ नक्की शोधा.

"डिप्रेशन असं लिहू नका"

ही विनंती मला महिन्यातून एकदा तरी होते. लग्न, नोकरी, लोक काय म्हणतील, हे सगळं मला समजतं. पण प्रपोजल फॉर्ममध्ये जुना आजार लपवला, तर पुढे हृदयविकाराचा दावासुद्धा 'माहिती दडवली' म्हणून अडकू शकतो. खरं लिहिलंत, तर आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लागेल. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, पूर्वी चार होता. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज कंपनीला माहिती दडवल्याचं कारण पुढे करता येत नाही. तीन वर्षं थांबणं परवडतं. भलत्या दिवशी दावा फेटाळला जाणं परवडत नाही.

काही पॉलिस्यांना ओपीडीची जोड घेता येते. ती घेताना एजंटला थेट विचारा: मानसशास्त्रज्ञाचं सत्र यात बसतं का, की फक्त मनोविकारतज्ज्ञांची फी? वर्षाला किती रुपये? आरसीआयकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचीच पावती चालते का? उत्तर ईमेलवर मागा. तोंडी 'हो हो, सगळं कव्हर आहे' याला अर्थ नाही. जोडीचा जादा हप्ता आणि मिळणारी मर्यादा यांची वजाबाकी करून पाहा, कधीकधी हातात फारसं काही उरत नाही. नोकरी करत असाल, तर कंपनीतर्फे ठरावीक सत्रं मोफत मिळतात का, हे एचआरला विचारा. ही सोय अनेक ठिकाणी असते आणि वापरली जात नाही.

सत्रं मोजकीच असतील तर

आता महत्त्वाचं. नैराश्य आणि चिंतेसाठी सीबीटी ही पद्धत साधारण बारा ते सोळा सत्रांची असते. पहिली दोन-तीन सत्रं माहिती घेण्यात जातात. मधल्या काळात जुनं दुखणं वर आल्याने काहींना आधीपेक्षा वाईटही वाटतं. नेमकं तिथेच, चौथ्या-पाचव्या सत्राला, पैसे संपतात आणि "थेरपीने काही झालं नाही" असा समज घरात पक्का होतो. उपचार अर्धवट सुटला, एवढंच झालेलं असतं.

म्हणून पहिल्याच भेटीत थेरपिस्टना सांगा, "आम्हाला आठच सत्रं परवडतील." यात लाजण्यासारखं काही नाही. मग ते एक-दोन ठोस उद्दिष्टं धरतील: झोप, कॉलेजला जाणं, लोकलमध्ये चढताना होणारी धडधड. दोन सत्रांमध्ये करायला दिलेला सराव वहीत लिहून नेमाने करा. जमेल तेव्हा सत्रं पंधरा दिवसांवर, नंतर महिन्यावर न्या. एकदम बंद करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

सुधारणा होते आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. गुण शून्य ते सत्तावीस. दहाच्या वर गेलं की लक्ष द्यायला हवं, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र नैराश्य. दर दोन आठवड्यांनी ती भरा. पाच गुणांची घट ही खरी सुधारणा, निम्म्यावर आले तर उपचार लागू पडला असं आम्ही धरतो. सहा-आठ सत्रांनंतरही आकडा हलत नसेल, तर थेरपिस्टशी मोकळेपणी बोला आणि औषधांची गरज आहे का, हे मनोविकारतज्ज्ञांना विचारा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव द्यावासा वाटण्याच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दावा नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र मात्र लेखीच घ्या आणि कलम २१(४) तक्रारीत नमूद करा.

आणि पैसेच नसतील, तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात नाममात्र दरात उपचार मिळतात. रांग असते, हे खरं.

त्या मुलीचं आम्ही असंच केलं. मनोविकारतज्ज्ञ सरकारी रुग्णालयातले, थेरपिस्ट आधीच्याच, पण पंधरा दिवसांतून एकदा. सुरुवातीला तिचा आकडा सतरा होता. तीन महिन्यांनी वडील वही घेऊन आले, त्यात नऊ लिहिलं होतं. विम्याकडून अजून एक रुपयाही आलेला नाही.