दर्शकसंख्या आणि दृष्टी

महाजालावर आपले चित्र लाख वेळा पाहिले गेले, की कलावंत त्याचा आनंदसोहळा करतो. एकाकी साधना करणाऱ्याला अशी दाद हवीच. त्यात गैर काही नाही. परंतु क्षणभराचा दृष्टिक्षेप असो वा तासभराचे निरीक्षण, गणकयंत्र दोहोंची नोंद 'एक' अशीच करते.

जयपूरचे अल्बर्ट हॉल संग्रहालय १८८७ साली खुले झाले, ते केवळ गर्दी जमवण्यासाठी नव्हे. उत्तम नमुने पाहून स्थानिक कारागिरांचा हात सुधारावा, हाही त्यामागील हेतू होता. त्याच जयपूरची 'ब्ल्यू पॉटरी', म्हणजे गारगोटीच्या पुडीपासून घडवलेली निळ्या झिलईची भांडी, विसाव्या शतकाच्या मध्यास लोपत चालली होती. चित्रकार कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांनी ती कला आत्मसात केली, इतरांना शिकवली आणि ती पुन्हा बहरली. तिला तारले ते पाहणाऱ्या डोळ्यांनी नव्हे, तर शिकणाऱ्या हातांनी.

म्हणून संख्येचा उत्सव अवश्य करावा. मात्र त्याच दिवशी कलावंताने स्वतःला विचारावे, की या लाखांतील किती जण थांबले आणि किती जण शिकले? आकडा प्रसिद्धी मोजतो. परंपरा मात्र एका शिष्यानेही टिकते.