"स्टँडर्ड आहे, सर!"

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय तसा छोटा आहे: मायक्रोकंट्रोलरच्या सर्किटला क्लॉक कुठून द्यायचा? पण हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारतच नाही, आणि तेच डोक्यात जातं.

कॉलेजात सगळ्यांनी ८०५१ ला ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला. हाच विचित्र आकडा का, असं व्हायवात विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्टँडर्ड आहे, सर!" अहो, १,१०,५९,२०० ला १२ ने भागा, मग ३२ ने, मग ३ ने. बरोब्बर ९६०० येतात, म्हणजे सिरियल पोर्टचा बॉड रेट. तो आकडा कोणीतरी गणित करून निवडला होता. आपण तो नुसता पाठ केला.

नोकरीत आलो की दोन पंथ भेटतात. पहिला म्हणतो, "आतला ऑसिलेटर फुकट आहे, क्रिस्टलचे पैसे वाचव." एटीमेगा३२८पी चं डेटाशीट उघडा. फॅक्टरी कॅलिब्रेशनची अचूकता अधिक-उणे १० टक्के! सिरियलच्या एका बाइटला १० बिट लागतात. दोन्ही टोकांच्या क्लॉकमध्ये मिळून ५ टक्के फरक पडला, की शेवटच्या बिटला अर्ध्या बिटची घसरगुंडी झालीच. एसी लॅबमध्ये टेबलावर चालेलही. पण तापमान आणि व्होल्टेज बदललं की हा ऑसिलेटर सरकतो. मे महिन्यात विदर्भात, पत्र्याच्या डब्यात काय होईल?

दुसरा पंथ म्हणतो, "कशाला रिस्क? १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल टाकून दे." बटण दाबलं की एलईडी लावणाऱ्या, बॅटरीवरच्या खेळण्याला? दोन पिना गेल्या, आणि झोपेतून उठताना क्रिस्टल स्थिर व्हायला १६ हजार सायकलपर्यंत थांबायचं. आतल्या ऑसिलेटरला ६ पुरतात.

आणि १६ मेगाहर्ट्झ म्हणजे अचूक, हाही गैरसमजच. अर्डुइनो ऊनोच्या मुख्य चिपला क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे. अर्धा टक्का चूक धरली तर दिवसाला ४३२ सेकंद, म्हणजे सात मिनिटांहून जास्त. त्यावर घड्याळ करणाऱ्यांना शुभेच्छा! ३२.७६८ किलोहर्ट्झचा, २० पीपीएमचा साधा घड्याळी क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत राहतो.

उलट यूएसबी म्हटलं की क्रिस्टल हवाच, असंही नाही. एसटीएम३२एफ०४२ चा आतला ४८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर यूएसबीच्याच सिग्नलवरून स्वतःला सुधारून घेतो.

म्हणजे चूक क्रिस्टल लावण्यात नाही आणि न लावण्यातही नाही. चूक आहे ती न मोजण्यात. "किती टक्के चूक चालेल, किती तापमानात, किती वेळा झोपून उठायचंय?" ही एक ओळ डिझाइनच्या कागदावर लिहायला पाच मिनिटं लागतात. मग डेटाशीटच उत्तर देतं.

"पण चालतंय ना?" असं कोणी म्हणेलच. चालतंय, तुमच्या टेबलावर. फील्डमध्ये बंद पडल्यावर एसटीने धक्के खात बोर्ड बदलायला जातो तो सर्व्हिसवाला. तुमचे वाचलेले चार रुपये आणि पाच मिनिटं त्याच्या खिशातून जातात.

असो. पुढच्या वेळी कोणी "स्टँडर्ड आहे" म्हणालं, तर एवढंच विचारा: कुणाचं, आणि कशासाठी?