नवाचा ताळा



आडतीवरून माल विकून आलात की पट्टी घडी घालून खिशात ठेवता ना? आज ती बाहेर काढा. २६ क्विंटल सोयाबीन, भाव ४,३५० रुपये. पट्टीवर आकडा आहे १,१२,१००. बरोबर की चूक? पुन्हा गुणाकार न करता सांगता येईल.

२६ चे आकडे मिळवा : २ आणि ६ मिळून ८. ४,३५० चे १२, म्हणजे १ आणि २ मिळून ३. आठ त्रिक चोवीस. २ आणि ४ मिळून ६. आता उत्तराचे आकडे मिळवा : १, १, २, १ मिळून ५. सहा यायला हवे होते, आले पाच. हिशेब चुकला! खरी रक्कम १,१३,१००. हजार रुपये वाचले की नाही?

हाच नवाचा ताळा. यात जादू नाही. दहा शेंगा नऊ मुलांत सारख्या वाटल्या तर एक उरते. शंभर वाटल्या तरी एकच उरते, हजारातूनही एकच. म्हणून चारशेतून चार उरतात. आकड्यांची बेरीज म्हणजे नवाने भागून उरलेली बाकी, एवढेच.

ताळा केवढ्या मोठ्या संख्येला चालतो, ते पाहा. एका दाण्याचे दोन, दोनाचे चार, अशी ६७ वेळा दुप्पट करा आणि शेवटी एक दाणा उचला. उरतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ दाणे. एकवीस आकडी संख्या! फ्रान्सच्या मेर्सेन नावाच्या धर्मगुरूंनी १६४४ साली सांगितले की ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. १८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की हे खरे नाही, भाग जातो. पण कोणत्या संख्येने, ते त्यालाही सांगता आले नाही.

ते सापडले १९०३ साली, अमेरिकेतील फ्रँक कोल या प्राध्यापकांना. सभेत त्यांनी न बोलता फळ्यावर गुणाकार मांडला आणि टाळ्या पडल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांचे अवयव हे :

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

शोधायला एवढी वर्षे गेली, पण ताळा तुम्ही ओसरीवर बसून पाहू शकता. पहिल्याची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एके एक. आता एकवीस आकड्यांची बेरीज करा : १०९, म्हणजे १०, म्हणजे १. जमले!

मात्र एक सावधगिरी. ताळा जमला नाही तर हिशेब नक्की चूक. जमला तर बरोबर असेलच असे नाही. १,१३,१०० च्या जागी कोणी १,११,३०० लिहिले, तर बेरीज सहाच येते आणि तुमचे अठराशे रुपये जातात. आकड्यांची अदलाबदल ताळ्याला दिसत नाही. म्हणून आधी ताळा पाहा, मग आकडे नजरेखालून घाला, आणि रक्कम मोठी असेल तर घरातल्या शाळकरी मुलीला एकदा पूर्ण गुणाकार करायला सांगा.

पट्टीवर सही करण्याआधी, बरे का, नंतर नव्हे.