'बघू' या शब्दाविरुद्ध

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. मुख्याध्यापकाचा फोन आहे म्हटल्यावर लोक आदराने 'हो' म्हणतील, अशा गोड समजुतीत मी होतो. ओळखीचे व्यापारी पहिल्या आठवड्यातच संपले. मग माजी विद्यार्थी पोटापाण्यासाठी जिथे जिथे गेले होते, तिथल्या पेढ्यांची आणि दुकानांची यादी त्यांच्याकडूनच मागवली आणि अनोळखी माणसांना फोन लावायला बसलो. बेळगावची रविवार पेठ, उद्यमबागेतील फौंड्र्या, कोल्हापूरची शाहूपुरी, हुबळीचे घाऊक व्यापारी, म्हापसा-मडगावचे दुकानदार, पुण्याचा लक्ष्मी रस्ता, मुंबईच्या काही कंपन्या. मास्तरकीच्या सवयीने एक शंभरपानी वही घेतली आणि तीन रकाने आखले : 'होय', 'नाही' आणि 'बघू'. महिनाअखेर पहिले दोन रकाने मिळून दोन पाने भरली नाहीत. तिसऱ्याला जोडपाने चिकटवावी लागली.

हा लेख त्या तिसऱ्या रकान्याविरुद्ध आहे.

असे अनाहूत फोन कोण कसे घेतो, याविषयी आपल्याकडे एक तयार शास्त्र आहे. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ते रोज सांगितले जाते. पुण्याचा माणूस तुसडा, कोल्हापूरचा दिलदार, गोव्याचा सुशेगाद, हुबळीचा गोडबोल्या आणि आपला बेळगावकर, अर्थातच, सर्वांत प्रेमळ. मीही हे शास्त्र वर्षानुवर्षे मानत आलो. माझ्या वहीने ते मोडीत काढले.

उत्तरांत फरक नव्हता असे नाही, चांगलाच होता. बेळगावात फोन बहुधा मालकच घेई. "बोला की सर" असे म्हणून तो शाळा कोणती, घर कोणत्या गल्लीत, अमके सर अजून आहेत का, सगळे विचारी. त्याचा मेहुणा आमच्याच शाळेत शिकलेला निघे. दहा मिनिटांनी मी जाहिरातीचे दर सांगितले की उत्तर येई, "बघू की सर, गणपती होऊन जाऊ देत." कोल्हापुरात आवाज मोठा आणि आपुलकी त्याहून मोठी : "फोनवर काय बोलताय सर, समक्ष या, चहा घेऊ, बघूया." मी एस.टी.ने समक्ष गेलो. चहा मिळाला. हुबळीचा व्यापारी मराठी समजत असूनही कानडीत सुरुवात करी, मी मोडक्या कानडीत उत्तर दिले की खुलत असे आणि शेवटी म्हणे, "नोडोण री सर." मडगावकडून दुपारी एक ते चार फोन उचलला जात नसे; चारनंतर उचलला की मृदू कोकणीत, "चवथ जावं दी, मागीर पळोवया."

बघू, नोडोण, पळोवया. तीन भाषांत एकच शब्द! ज्या भाषांच्या नावाने आपण एकमेकांची डोकी फोडली, त्या भाषा या एका शब्दावर किती सुखाने एकत्र नांदतात पाहा.

आता पुणे. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापड दुकानदाराने माझे पहिले वाक्य पुरे ऐकले आणि म्हटले, "बाहेरगावच्या जाहिराती आम्ही देत नाही. नमस्कार." फोन बंद. मी त्या दिवशी घरी जाऊन पुणेरीपणावर यथेच्छ तोंडसुख घेतले. पण वही उघडली तेव्हा लक्षात आले, की या गृहस्थाने माझे अर्धे मिनिटही खर्च केले नव्हते. आणि कोल्हापूरच्या दिलदार मित्राने माझा एक रविवार, एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि आशेचे तीन आठवडे घेतले होते. दोघांनीही जाहिरात दिली नाही. मग यातला सभ्य कोण?

म्हणून पुणेकरांची आरती ओवाळायची असेही नाही. दुपारी आपले दुकान बंद असताना आलेल्या फोनवर जे पुणेकर बोलले, ते इथे छापण्यासारखे नाही. आणि पुण्याहून मोठ्या मुंबईत स्पष्ट 'नाही' मिळेल असे म्हणाल, तर तेही नाही. तिथे फोन घेणाऱ्या माणसाला होकाराचा अधिकार नव्हता आणि नकाराचाही नव्हता. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ईमेल टाका." ईमेल टाकली. 'बघू' या शब्दाचे ते इंग्रजी शिक्षण झालेले भावंड आहे, एवढेच मला कळले.

तात्पर्य, हा मातीचा किंवा रक्ताचा गुण नव्हे. प्रश्न एवढाच असतो की 'नाही' म्हणण्याची त्या गावात किंमत किती. लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार मला पुन्हा कधी भेटणार नाही. त्याला नकार फुकट पडतो. बेळगावचा व्यापारी उद्या मला लग्नात भेटणार, परवा गणपतीच्या मिरवणुकीत, तेरवा त्याच्या नातवाच्या प्रवेशासाठी माझ्याच कार्यालयात. त्याचा धंदा उधारीच्या खात्यावर, म्हणजे तोंडओळखीवर चालतो. त्याला 'नाही' महाग पडते, 'बघू' स्वस्त. ज्याला आपण आपल्या गावचा प्रेमळपणा म्हणतो, त्यात प्रेम किती आणि धास्ती किती, हे एकदा प्रामाणिकपणे मोजायला हवे.

आणि सीमाभागात ही किंमत आपणच वाढवून ठेवली आहे. जरा विचार करा. एक नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सव असतो, दुसऱ्या बाजूला काळा दिन. आणि बहुतेक वर्षी दिवाळी त्याच्याच आगेमागे. बाजारपेठेतल्या दुकानदाराच्या दारात दोन्हीकडची पावतीपुस्तके एकाच आठवड्यात येतात. त्यात मंडळे, जयंत्या, यात्रा, शाळांच्या स्मरणिका आणि हे आपले दिवाळी अंक. पुण्याच्या दुकानदाराचे 'नाही' म्हणजे 'जाहिरात नको' इतकेच. बेळगावच्या दुकानदाराने मराठी शाळेला 'नाही' म्हटले, की संध्याकाळी गल्लीत चर्चा, "हा त्यांच्यातला झाला." दुसऱ्या पावतीपुस्तकाला 'नाही' म्हटले, की तिकडेही तीच चर्चा. ज्याच्या साध्या नकाराला आपण फितुरी ठरवतो, तो माणूस 'बघू' म्हणणार नाही तर काय म्हणेल? तेव्हा दोष एकट्या त्याचा नाही. मागायला जाणाऱ्या आपलाही आहे, आणि माझ्या मते मोठा वाटा आपलाच आहे.

कोणी म्हणेल, एका मास्तराचा रविवार बुडाला म्हणून एवढा त्रागा कशाला? तर ऐका. माझी एक विद्यार्थिनी, वडील गवंडीकाम करणारे, पुण्यात एका कंपनीत दुकानदारांना हिशेबाची संगणक-प्रणाली फोनवरून विकते. मराठी, कानडी, हिंदी तिन्ही भाषा येतात म्हणून तिच्याकडे सोलापूरपासून धारवाडपर्यंतची यादी आहे. गणपतीला घरी आली तेव्हा मी तिला माझी वही दाखवली. ती हसली. म्हणाली, "सर, शिव्या देणारे परवडतात. नको म्हणणारे तर देवमाणसं. पण आपल्याकडचे लोक वीस मिनिटं बोलतात, जेवलीस का विचारतात, पुढच्या सोमवारी कर म्हणतात. सोमवारी केला की त्याच्या पुढचा सोमवार. मी वहीत 'होण्यासारखे' म्हणून लिहून ठेवते आणि महिनाअखेर त्यातलं एकही होत नाही. मग साहेब माझ्याकडे बघतात."

हे 'साहेब माझ्याकडे बघतात' वाक्य मला विसरता आले नाही. आपल्या 'बघू'चा शेवट तिथे होतो. आपल्याला वाटते, आपण एका पोरीला दुखावले नाही. प्रत्यक्षात आपण तिला दुखावण्याचे काम तिच्या साहेबावर सोपवलेले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणे योग्य नाही. आज फोन वाजला की माणूस दचकतो. खोटे पोलीस, खोटी बँक, खोटे लॉटरीवाले यांनी कष्टाचे पैसे लुबाडल्याच्या बातम्या रोज वाचतो. नको असलेले फोन थांबवण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये नोंदवही सुरू केली, २०१० मध्ये नवे नियम केले, २०१८ मध्ये ते पुन्हा बदलले. विक्रीच्या फोनांना १४०ने सुरू होणारे क्रमांक दिले गेले. १९०९ या क्रमांकावर कळवून असे फोन बंद करून घेता येतात. (योगायोग पाहा : १९०९ सालीच का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. जाहिरात मागणाऱ्यांचा आणि जाहिरात नको असणाऱ्यांचा आकडा एकच!) तेव्हा फसव्याशी बोलू नका, अनोळखी माणसाला खात्याचा क्रमांक किंवा फोनवर आलेला सांकेतिक आकडा सांगू नका, फोन सरळ ठेवून द्या. त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण जो आपले नाव, आपली संस्था आणि आपले काम पहिल्याच वाक्यात सांगतो, आणि ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही हे आपल्याला त्याच क्षणी ठाऊक असते, त्याला 'पुढच्या सोमवारी' म्हणणे ही सावधगिरी नव्हे. तो भित्रेपणा आहे. नियमांनी फोन बंद करता येतील. 'नाही' म्हणायला कोणताही नियम शिकवणार नाही.

इथवर मी इतरांना बोल लावले. आता स्वतःचे सांगतो, नाहीतर लेखणीला अधिकार उरत नाही.

गडहिंग्लजकडचे एक पुस्तकविक्रेते आमच्या शाळेत येत. साठीचे गृहस्थ, खांद्याला दोन पिशव्या, ग्रंथालयासाठी किशोरवाङ्मय विकत. आमच्या ग्रंथालयाला त्या काळात अनुदानही नव्हते आणि जागाही नव्हती. मला ते पक्के ठाऊक होते. तरी पहिल्या वर्षी मी म्हणालो, "जूनमध्ये या, बघू." ते जूनमध्ये आले. मी म्हणालो, "सहामाही होऊ द्या." ते दिवाळीनंतर आले. असे तीन वर्षे चालले. दर वेळी शिपायाला सांगून मी त्यांना चहा पाजला आणि आपण किती अगत्यशील आहोत असे मनाशी म्हटले. तिसऱ्या वर्षी चहा न घेता ते म्हणाले, "सर, रागावणार नसाल तर एक विचारतो. घ्यायची नाहीत ना?" मी तेव्हाही 'नाही' म्हणालो नाही. "तसं नाही हो, बघू की," असेच तोंडातून निघाले. ते पिशव्या उचलून गेले. पुन्हा आले नाहीत. पुढे दोन वर्षांनी अनुदान आले, तेव्हा त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता.

म्हणून त्या शंभरपानी वहीत एक ओळ माझ्या नावाचीही हवी होती, तिसऱ्या रकान्यात, सर्वांत वर.

आणि शेवटी, सीमाभागातल्या माणसांनी हे कुणाकडून शिकावे? १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून आपण काय ऐकत आलो आहोत? १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मधल्या आणि नंतरच्या साऱ्या वर्षांत दोन्ही राजधान्यांतून आणि दिल्लीतून आलेल्या पाहुण्यांनी आपल्या पाठीवर हात ठेवून काय सांगितले? 'बघू.' आपल्या आधीची एक सबंध पिढी त्या शब्दावर जगली आणि त्याच शब्दावर गेली. तो शब्द माणसाच्या आयुष्याचे काय करतो, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? आणि तोच शब्द आपण दारात आलेल्या विक्रेत्याला, फोनवरच्या गवंड्याच्या पोरीला, पिशव्या वाहणाऱ्या म्हाताऱ्याला देतो, आणि वर त्याला आपुलकी म्हणतो!

या वर्षी जूनपासून माझ्या कार्यालयाच्या दारावर मी एक पाटी लावली आहे : 'काय हवे ते पहिल्या वाक्यात सांगावे. घेणार की नाही ते त्याच भेटीत सांगितले जाईल. कारण विचारू नये.' सहकारी म्हणतात, सर पुणेरी झाले. होऊ द्या. पहिल्या महिन्यात मी पाच जणांना 'नाही' म्हटले. जीभ जड झाली. एकजण रागावला, एकाने कारण विचारलेच. उरलेले तिघे मात्र "बरं सर, लवकर सांगितलंत" म्हणून पुढच्या शाळेकडे चालते झाले. अजून दिवस हातात होता त्यांच्या.

या अंकाचे कार्यकर्ते पुढच्या वर्षी जाहिराती मागायला बाजारात निघतील. त्यांना माझी हात जोडून विनंती, की ज्याने 'नाही' म्हटले त्याचे नाव चौकात घेऊ नका. त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. आणि व्यापारीबंधूंना विनंती, की द्यायची असेल तर जाहिरात द्या, नसेल तर नकार द्या. चहा नंतरही पाजता येईल.