हिरवा ऋतू, रिकामी टोपली

निसर्गकविता शिकवताना आपण ऋतूकडे डोळ्यांनी पाहायला शिकवतो. पोटाने पाहायला शिकवत नाही. हे विधान काहीसे बटबटीत वाटेल, याची मला कल्पना आहे. काव्याच्या आस्वादात पोटाचा प्रश्न आणणे हे रसिकतेचे लक्षण मानले जात नाही. मीही अनेक वर्षे तसे मानत नव्हते. माझे मत बदलले ते एखाद्या समीक्षाग्रंथाने नव्हे, तर अडीच गुंठे भाजीच्या जमिनीने. म्हणून आधी त्या जमिनीविषयी.

माझी थोरली बहीण इंग्लंडच्या मध्य भागातील एका लहान शहरात राहते. 2019 च्या वसंतात तिच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली, आणि मी रजा काढून दोन महिने तिच्याकडे गेले. घरात काम बेताचेच होते. खरे काम घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, तिच्या 'अलॉटमेंट'वर होते. तिला वाकायची मनाई होती आणि लावणीचे दिवस तर सुरू झाले होते. तेव्हा बाकावर बसून ती सांगणार आणि मी खणणार, अशी व्यवस्था ठरली.

अलॉटमेंट म्हणजे भाजी पिकवण्यासाठी नागरिकांना वर्षाच्या भाड्याने दिलेला सार्वजनिक जमिनीचा तुकडा. 1908 च्या कायद्याने अशी जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. 1922 च्या कायद्याने तिची व्याख्या केली, आणि ती मोठी बोलकी आहे: जो ही जमीन कसतो त्याने मुख्यतः स्वतःच्या व कुटुंबाच्या खाण्यासाठी तिच्यात भाजी किंवा फळे पिकवावीत. म्हणजे फुलांचा ताटवा हा येथे दुय्यम. मोजमाप अजूनही 'रॉड' या जुन्या मापाने चालते. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, सुमारे 250 चौरस मीटर; आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. ताईने तो शेजारच्या एका पोलिश कुटुंबासोबत निम्मानिम्म वाटून घेतला होता. मध्ये बांध नव्हता. रुबार्बचे एक जुने खोड होते आणि ते दोन्ही घरांचे होते.

मी पोहोचले तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता. नुकताच पाडवा झाला होता. रस्त्याच्या कडेला डॅफोडिल, कुंपणांवर पांढरा मोहोर, चेरीची झाडे पानांआधीच फुलांनी लगडलेली. इंग्रजी कवितेत आयुष्यभर वाचलेला वसंत प्रत्यक्ष समोर उभा होता आणि मी हरखून गेले होते. पहिल्या सकाळी निघताना मी विचारले, "ताई, टोपली घेऊ का गं बरोबर?"

"टोपली कशाला? आत्ता काय मिळणार आहे तिथे?"

मला वाटले ती थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती. वाफ्यांमध्ये मागच्या हिवाळ्यातली लीकची चार-दोन रोपे उभी होती, आणि फुलावर येऊन कडवट होत चाललेले केल. बाकी सगळी काळी, ओली, उघडी माती. पेरायचे सगळे होते, तोडायचे काहीच नव्हते. ताईच्या खिडकीत अंड्यांच्या खोक्यांमध्ये बटाटे कोंब फुटण्यासाठी मांडून ठेवले होते. ते गुड फ्रायडेला लावायचा तिथला जुना प्रघात. त्या वर्षी तो 19 एप्रिलला आला. टोमॅटोची रोपे घरातच वाढत होती, कारण मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याची भीती असते. पार्सनिपचे बी पेरले तर मातीवर काही दिसायलाच तीन-चार आठवडे लागतात. मी रोज सकाळी जाऊन रिकामी सरी पाहून परत येत असे.

या काळाला तिथल्या बागाईत लोकांमध्ये 'हंग्री गॅप' असे नाव आहे. शब्दशः सांगायचे तर भुकेची फट. हिवाळ्यातल्या कोबीवर्गीय भाज्या संपलेल्या, साठवलेल्या बटाट्या-कांद्यांना कोंब आलेले, आणि नवे काही हाती यायला जून उजाडणार. साधारण एप्रिल-मेचा हा काळ. आज दुकानात बारमाही सगळे मिळते, त्यामुळे ती फट केवळ हौशी बागाईतदाराला जाणवते. पण बाजार आणि शीतगृहे नव्हती तेव्हा ती सगळ्या गावाला जाणवत असणार. ख्रिस्ती परंपरेतला ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवासकाळ याच दिवसांच्या तोंडाशी येतो. उपवासाचे धर्मशास्त्र वेगळे आहे, हे मान्य. तरी कोठाराचे गणित त्याच्या शेजारीच बसलेले दिसते.

येथे मी थबकले. ज्या ऋतूला इंग्रजी कविता चॉसरपासून समृद्धीचा, पुनर्जन्माचा, उल्हासाचा ऋतू म्हणून गात आली, तोच ऋतू भाजीच्या वाफ्यावर वर्षातला सर्वांत रिता ऋतू आहे. डोळ्यांना सर्वांत जास्त मिळते तेव्हा टोपलीत सर्वांत कमी पडते.

हे ध्यानात आल्यावर मला आधी इंग्लंडचाच इतिहास वेगळा दिसू लागला. 1 एप्रिल 1649 रोजी सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल या सामायिक, पडीक टेकडीवर जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या मूठभर साथीदारांनी जमीन खणायला सुरुवात केली. पार्सनिप, गाजर आणि शेंगांचे बी पेरले. जमीन ही सर्वांची सामायिक ठेव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासात त्यांना 'डिगर्स', म्हणजे खणणारे, असे नाव पडले. साहित्याचे अभ्यासक विन्स्टन्लीच्या पत्रकांचे गद्य वाचतात, त्याची बायबलच्या वळणाची शैली तपासतात. मला मात्र आता त्या तारखेचे महत्त्व वाटते. 1640 च्या दशकाची अखेर ही तिथे ओळीने नापिकीची आणि महाग धान्याची वर्षे होती. अशा वेळी, ऐन फटीच्या दिवसांत, भुकेल्या माणसांनी असे बी पेरले की ज्याचे पीक हाती यायला काही महिने लागणार होते. जमीनदारांनी आणि त्यांच्या माणसांनी त्यांना टेकडीवर टिकू दिले नाही. जवळच कोबम येथे ते गेले, आणि 1650 च्या एप्रिलमध्ये तीही वसाहत मोडून टाकण्यात आली. पुढे सामायिक जमिनींना कुंपणे पडत गेली, आणि त्यांतून उघड्यावर आलेल्या मजुरांच्या पोटासाठी लहान तुकडे देण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात रुजली. आजच्या अलॉटमेंटमागे ही हकिकत आहे. निवृत्तीनंतरचा तो केवळ विरंगुळा नव्हे.

आता आपल्याकडे वळू. आपला वसंत चैत्र-वैशाखाचा. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा घरात आलेला असतो. रान भाजून निघालेले, विहिरी तळाला गेलेल्या; डोळ्यांना सुख देणारे फार नाही. पण ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या घरी कणगी भरलेली असते. उलट आषाढ-श्रावणात डोंगर हिरवेगार, पाणी खळाळते, आणि कणगीचा तळ दिसू लागलेला. खरिपाचे पीक अजून शेतात उभे. कोकणात नवे भात घरात आल्यावर नव्याची पौर्णिमा साजरी होते, ती आश्विनात. तोवर सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसांनी टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्यांवर दिवस काढलेले आहेत. शहरात या भाज्या अलीकडे कौतुकाने खाल्ल्या जातात. मुळात त्या फटीच्या भाज्या आहेत. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही असा दंडक आहे. त्या दिवशीची भाजी परसातल्या, हाताने खणलेल्या मातीतली असते. आमच्या आजीच्या घरी या दिवशी अळू, भेंडी, माठ, मक्याचे कणीस असे जे शेजारणींच्या परसात असेल ते एकत्र होई. कुणा एकीच्या परसात सगळे नसे.

म्हणजे इंग्लंडात वसंत आणि आपल्याकडे श्रावण, हे दोन्ही कवितेचे लाडके ऋतू. आणि दोन्ही रिकाम्या कोठाराचे. हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. वाढ दिसते तेव्हा पीक हाती नसते, एवढे त्याचे साधे कारण आहे. पिकाचा हिरवा रंग म्हणजे अजून खाण्यायोग्य न झालेल्या अन्नाचा रंग.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बालकवींच्या श्रावणावरील कवितेला शिधापत्रिका मागायची काय? अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्या त्या कवीने उन्हापावसाचा जो खेळ भाषेत पकडला, तो धान्याच्या भावाने उणा ठरवायचा काय? मुळीच नाही. कविता कमी ठरवावी असे माझे म्हणणे नाही, आपले वाचन अपुरे आहे असे म्हणणे आहे. ज्याची कणगी रिकामी आहे त्याच्यासाठी श्रावणातली हिरवळ ही नुसती शोभा नसते. ती हमी नसलेली आशा असते. पाऊस टिकला तर अन्न, ताणला तर नाही. हे माहीत असलेल्या वाचकाला त्याच कवितेतला आनंद अधिक नाजूक, अधिक धोक्यात असलेला दिसेल. त्यात आस्वादाची हानी कुठे आहे?

आपल्या परंपरेत डोळा आणि पोट यांची अशी फारकत सर्वत्र नव्हतीच. अरणच्या सावता माळ्यांना आपल्या मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला. त्यांच्या अभंगांत मळा ही पार्श्वभूमी नाही, तो कामाचा आणि उपासनेचा एकच ठाव आहे. बहिणाबाई चौधरींचा निसर्ग पेरणी, मळणी, जाते यांच्या वाटेने येतो. पण आपल्या वर्गात काय होते? सावता माळी 'संतसाहित्या'त, बहिणाबाई 'लोकभाषे'त आणि बालकवी 'निसर्गकविते'त. कप्पे पक्के झाले की प्रश्नही पक्के होतात: निसर्गकवितेची वैशिष्ट्ये लिहा. उत्तर ठरलेले: रंगसंवेदना, नादमाधुर्य, चेतनगुणोक्ती.

हे मी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अंतर्गत चाचणीत मी श्रावणाच्या कवितेवर टीप लिहायला दिली होती. डोंगराकडच्या एका वाडीतून येणाऱ्या मुलाने लिहिले होते की, कवितेतला श्रावण त्याला ओळखू येतो, पण श्रावणात त्यांच्या घरी पीठ उसने आणावे लागते आणि टाकळ्याची भाजी रोज असते; म्हणून ती कविता वाचताना त्याला आधी आईचा चेहरा आठवतो. मी त्या परिच्छेदाखाली लाल शाईने रेघ ओढली, समासात 'विषयांतर' असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले. तो काही बोलला नाही. वर्षअखेरीनंतर तो महाविद्यालयात दिसला नाही. त्याचा आणि त्या चार गुणांचा संबंध असेल असे म्हणण्याइतकी मी स्वतःला महत्त्वाची समजत नाही. पण वर्षानुवर्षे ती कविता शिकवताना माझ्यासमोर बसलेल्यांपैकी ऋतू नीट वाचणारा कदाचित तो एकटाच होता, आणि मी त्याला विषय सोडला म्हणून खोडले. हे मला कळले ते हजारो मैलांवर, फुललेल्या चेरीखाली रिकामी सरी खुरपताना.

अलॉटमेंटवर त्या फटीचे दिवस कसे निघतात, तेही सांगायला हवे. एका सकाळी पलीकडच्या तुकड्यावरचे वृद्ध गृहस्थ जांभळ्या ब्रोकोलीचे तुरे घेऊन आले. त्यांच्याकडे जास्त होते. पोलिश शेजारीण रुबार्बचे देठ कापून निम्मे ताईच्या पिशवीत भरत असे. ताईने तिच्या खिडकीतली टोमॅटोची रोपे तीन घरांत वाटली. परतफेडीचा हिशेब कुणी बोलून दाखवला नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात होता, आपल्याकडच्या सावडीत असतो तसा. सावड, इर्जिक, उसनवारी: हे आपल्या भाषेतले फटीचे शब्द. आमच्या विद्यार्थ्यांपैकी आज फार थोड्यांना ते अर्थासह ठाऊक असतात. शब्दार्थांच्या यादीत ते देता येतात, पण रिकाम्या कणगीचा संदर्भ नसेल तर ते कळत नाहीत.

अभ्यासक्रम बदलावा अशी मोठी मागणी मी करत नाही. एवढेच सुचवते की, ऋतूची कोणतीही कविता शिकवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: या महिन्यात तुमच्या घरी, किंवा तुमच्या आजोबांच्या घरी, काय शिजत असे? मी गेली काही वर्षे तो विचारते. शहरातली मुले बहुतेक गप्प राहतात. मग मागच्या बाकांवरून एखादे उत्तर येते, थोडे संकोचून, हे वर्गात बोलण्यासारखे आहे की नाही अशा शंकेने. त्या उत्तरानंतर कविता वाचायला घेते. अधूनमधून एखाद्या उत्तरपत्रिकेत ते घर आणि ती भाजी पुन्हा येते. तिथे मी आता रेघ ओढत नाही.