आधीं विचारावें, मग सांगावें

एकच संगणक-प्रोग्राम दोन घरीं जातो. एका घरीं तो उत्तम चालतो. दुसऱ्या घरीं उघडतांक्षणींच बंद पडतो. गृहस्थ म्हणतात, ‘यंत्र जुनें झालें’, आणि नव्याच्या खर्चास सिद्ध होतात. परंतु कित्येकदां दोष यंत्राकडे नसून, त्यास न विचारतां काम सांगणाऱ्या प्रोग्रामाकडे असतो.

प्रोग्राम म्हणजे प्रोसेसरास दिलेल्या आज्ञांची मालिका. कंपायलर ती आधींच रचून ठेवतो. ती पुढें कोणत्या प्रोसेसरापुढें जाईल, हें त्यास ठाऊक नसतें. इकडे एक्स-८६ घराण्याच्या आज्ञा वाढत गेल्या आहेत: १९९९ सालीं एसएसई, २०११ सालीं एव्हीएक्स, २०१३ सालीं एव्हीएक्स-२. अनोळखी आज्ञा येतांच प्रोसेसर ती नाकारतो आणि कार्यप्रणाली प्रोग्राम थांबविते.

यावर उपाय असा, कीं एकाच कामाच्या जुनी व नवी अशा दोन्ही रीती प्रोग्रामांत ठेवाव्या. आरंभीं ‘सीपीयूआयडी’ या आज्ञेनें प्रोसेसरास त्याचे गुण विचारावे आणि उत्तराप्रमाणें रीत निवडावी. ही निवड एकदांच करावयाची असल्यानें वेळही फारसा जात नाहीं.

मात्र प्रोसेसराचा होकार पुरेसा नाहीं. एव्हीएक्सचीं रजिस्टरें २५६ बिट रुंद असतात. एका कामावरून दुसऱ्याकडे वळतांना तीं जपणें हें कार्यप्रणालीचें काम. तिनें तें पत्करलें नसेल, तर आज्ञा अंगीं असूनही चालत नाहीं. म्हणून ‘एक्सगेटबीव्ही’ या आज्ञेनें तिची संमतिही पाहावी लागते.

सीपीयूआयडी निर्मात्याचें बारा अक्षरी नांवही सांगते. पण नांवावरून योग्यता ठरवूं नये. इंटेलचा कंपायलर इतरांच्या प्रोसेसरांना वेगळें वागवितो, असा आक्षेप होता. २०१० सालच्या तडजोडींत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें, अशा प्रोसेसरांवर तो तितकी वेगवान रचना न करण्याचा संभव आहे, हें ग्राहकांस कळविण्याचें बंधन इंटेलवर घातलें. कुळ विचारण्यापेक्षां गुण विचारावे, हाच येथें न्याय.

वाचकांनींही एवढें ध्यानांत ठेवावें: नवा प्रोग्राम बंद पडून ‘अवैध आज्ञा’ अशा अर्थाचा संदेश दिसला, तर जुन्या प्रोसेसरांसाठीं वेगळी आवृत्ति आहे काय, याची आधीं चौकशी करावी. तेवढ्यानें चांगलें यंत्र अकाली मोडींत जाण्यापासून वांचेल.