बेटावर जायचं तर बिऱ्हाडासकट

अंदमानात जाऊन काही व्यवसाय करावा, असा विचार घरात बोलून दाखवणाऱ्या माणसाला हमखास एक सल्ला मिळतो. जायचंच असेल तर आधी एकटा जा, जम बसव, दोन वर्षं अंदाज घे आणि मग बायकामुलांना ने. हा सल्ला कुणी वाईट हेतूनं देत नाही. तो मवाळ आहे, मधला मार्ग सुचवतो, म्हणून पटतोही पटकन. मला तो साफ चुकीचा वाटतो. स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक, या बेटापुरतं तरी माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. तिथं एकट्या माणसाच्या धंद्यात बेटाचंही हित नाही आणि त्याचं स्वतःचंही नाही. जायचं तर सगळं बिऱ्हाड घेऊन जावं. ते नेणं शक्य नसेल तर धंद्याचाही विचार सोडून द्यावा.

मराठी वाचकाच्या मनातलं अंदमान म्हणजे सेल्युलर जेल, सावरकर, कोलू. पण त्या तुरुंगाच्या कितीतरी आधी, १८५८ पासून, इंग्रजांनी तिथं कैद्यांची वसाहत सुरू केली होती, आणि निव्वळ पुरुषांच्या भरवशावर वसाहत उभी राहत नाही हे त्यांना लवकरच उमगलं. मग स्त्री-कैदी आणल्या गेल्या, चांगल्या वर्तनाच्या कैद्यांना लग्नाची आणि जमीन कसण्याची मुभा मिळाली. आज तिथं स्वतःला ‘लोकल बॉर्न’ म्हणवणारा समाज आहे, तो या संसारांतून वाढला. १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून करेन लोक मायाबंदर भागात आले ते कुटुंबांनिशी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधल्या निर्वासितांना अंदमानात वसवलं, तेव्हाही जमीनवाटपाचं एकक कुटुंब हेच होतं. हॅवलॉकला ही कुटुंबं पन्नासच्या दशकात पोचली. त्यांनी रान साफ केलं, सखल भागात भात लावला, उतारावर सुपारी आणि नारळ धरला. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही गावं त्यांच्या कष्टांतून उभी राहिली. आज ज्या किनाऱ्यांचे फोटो पाहून आपल्याला तिथं जावंसं वाटतं, त्यांच्या मागे ही गावं आहेत. म्हणजे बेटावर माणूस टिकतो कसा, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको.

यावर कुणी म्हणेल की त्यांना परत जायला जागाच नव्हती, तुमची तुलना गैर आहे. आक्षेप रास्त आहे. निर्वासिताची नाइलाजाची वाट आणि पुण्या-मुंबईतून हौसेनं निघालेल्याची वाट एक नाही. पण म्हणूनच माझा मुद्दा आणखी पक्का होतो. ज्याला परतीची वाट सदैव मोकळी आहे, त्याला बेटाशी बांधून ठेवणारं काहीतरी हवं. शाळेत जाणारी मुलं आणि शेजाऱ्यांच्या घरी ऊठबस असलेली घरची माणसं नसली, तर पावसाळा लागताच तो विमानात बसतो.

आणि पावसाळा हीच तिथली खरी कसोटी आहे. पर्यटकांचा हंगाम ढोबळमानानं नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या अखेरीस नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात. ते ओसरतात तोवर ईशान्येचा पाऊस सुरू होतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो आपल्या कोकणासारखा चार महिन्यांत आटपत नाही. डिसेंबरही बेभरवशाचा. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवामानामुळे हजारांहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नील या बेटांवर अडकले आणि त्यांना सोडवायला नौदलाला जावं लागलं. या वेळापत्रकावर एकट्या माणसाचा धंदा कसा चालतो? तो हंगामात कमावतो, मे महिन्यात शटर ओढतो, मुख्य भूमीवरून आणलेल्या कामगारांना घरी पाठवतो आणि स्वतःही जातो. बारा महिन्यांचं भाडं मात्र सहा महिन्यांच्या गल्ल्यातून काढायचं असतं. मग दर चढतात, हंगामात जमेल तितकं ओरबाडायची वृत्ती येते, आणि बेटाच्या वाट्याला कचरा, सांडपाणी आणि सहा महिने बंद असलेल्या खोल्या येतात. मला या चित्राचा मनापासून राग येतो.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो. हे स्वप्नाळू. त्यांची योजना ठरलेली असते: किनाऱ्याला लागून जमीन घ्यायची, आठ-दहा झोपड्या बांधायच्या आणि उरलेलं आयुष्य समुद्र बघत काढायचं. त्यांनी आधी १९६६ चा अंदमान-निकोबार जमीन महसूल विनियम वाचावा. त्यानुसार बेटांवरच्या जमिनीची अंतिम मालकी सरकारकडे आहे आणि वसाहतकरी कुटुंबांचे हक्क त्या विनियमातल्या अटींनी बांधलेले आहेत. शेतजमिनीवर हॉटेल बांधायचं तर वापर बदलायची परवानगी लागते, किनाऱ्यालगतच्या बांधकामावर किनारा नियमनाचे निर्बंध आहेतच. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीवर कडक बंधनं घातली आणि वाळूउपसा टप्प्याटप्प्यानं बंद करायला सांगितलं, तेही योग्यच झालं. सिमेंट आणि सळई मुख्य भूमीवरून जहाजानं यायची, मग पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमहून, पुन्हा छोट्या बोटीत चढायची. मोठी नदी नसलेल्या बेटावर पाण्याची ओढ नेमकी फेब्रुवारी ते एप्रिल लागते, ऐन गर्दीत. आणि ज्या प्रवाळांच्या जिवावर हा सगळा पर्यटनाचा डोलारा उभा आहे, ते २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापल्यामुळे मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. अशा ठिकाणी आणखी एक रिसॉर्ट ही कुणाचीच गरज नाही.

मग करायचं काय? बेटाला बारा महिने जे लागतं ते करावं. २०११ च्या जनगणनेत या बेटाची वस्ती सहा हजारांवर होती. या लोकांना पाव लागतो, अंडी लागतात, स्कूटर आणि फ्रीज दुरुस्त करणारा माणूस लागतो. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. बोटीची इंजिनं, जनरेटर, पाण्याचे पंप सतत बिघडतात. वीज मुख्यतः डिझेलवर निघते, म्हणून इन्व्हर्टर आणि सौर पॅनेलची नीट देखभाल करणारा कसबी माणूस तिथं कुठल्याही हॉटेलवाल्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. भाजीचं तर विचारूच नका. पावसाळ्यात ताजी भाजी दुर्मीळ होते, बरीचशी जहाजानं येते. श्री विजय पुरमला १९७८ पासून केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्था आहे. पाणी साचणाऱ्या सखल जमिनीत उंच रुंद वाफे आणि मधे चर काढून वर भाजी, खाली भात किंवा मासे घ्यायची पद्धत तिनं तिथं रुजवली. तंत्र तयार आहे, ते हातात घेणारी माणसं हवीत. नारळ, सुपारी, जायफळ, लवंग, मिरी हे सगळं तिथं पिकतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या घरात वाढलेल्याला यातलं काहीच परकं नाही. खोबरं वाळवणं, तेल काढणं, सुपारी सोलणं, मासळी खारवणं ही कामं घरातल्या चार हातांची आहेत आणि पाऊस कोसळत असताना छपराखालीही यातली बरीच होतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल स्वराज द्वीपापर्यंत पोचली. त्यामुळे घरातलं एक माणूस हिशेबाचं किंवा भाषांतराचं काम तिथं बसून करू शकतं. दोघांची दोन कामं, एक हंगामी आणि एक बारमाही, असा ताळा जमला तर त्या बेटावर घर चालतं. ‘आधी एकटा जा’ म्हणणारे ही दुसरी मिळकत धरतच नाहीत, कारण त्यांच्या सल्ल्यात धंदा पुरुषाचा असतो आणि कुटुंब म्हणजे नंतर पाठवायचं सामान असतं.

मुलांचं नुकसान होईल, हा आक्षेप प्रत्येक आजी-आजोबा घेतात आणि तो प्रेमापोटी असतो. अंदमानातल्या शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचा अभ्यासक्रम शिकवतात, म्हणजे परत यावं लागलं तरी वर्ष वाया जात नाही. कोचिंगचे कारखाने तिथं नाहीत, हे खरं. पण बंगाली, तमिळ, तेलुगू घरांतल्या मुलांबरोबर हिंदीतून खेळणारं, भरती-ओहोटी ओळखणारं पोर काही गमावतं, असं मला वाटत नाही. मराठी मात्र घरात जाणीवपूर्वक बोलावी लागेल, वाचून दाखवावी लागेल. ते काम आई-बापांचं.

दवाखान्याचा आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही. बेटावर प्राथमिक उपचार होतात. गंभीर रुग्णाला बोटीनं किंवा हेलिकॉप्टरनं श्री विजय पुरमला न्यावं लागतं आणि तिथंही न भागलं तर चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं. हवामान बिघडलं तर दोन्ही वाटा बंद. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल, जोखमीचं बाळंतपण असेल, डायलिसिस चालू असेल, तर जाऊ नये. तिथं हट्ट कामाचा नाही.

आणखी एक आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो घेणारी माणसं माझ्या आदराची आहेत. ती म्हणतात, बाहेरच्यांनी या बेटांवर जाऊच नये. जारवा आदिवासींच्या रानातून रस्ता काढला त्याचे परिणाम आपण पाहिले. ३,८०,५८१ ही अंदमान-निकोबारची २०११ ची एकूण लोकसंख्या, आणि कोविडच्या आधी पर्यटकांचा वार्षिक आकडा त्याहून मोठा झाला होता. ग्रेट निकोबारवर सुरुवातीच्या अंदाजानं सुमारे ७२,००० कोटींचा प्रकल्प आणायचा, त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल द्यायचं आणि जेमतेम आठ हजार वस्तीच्या बेटावर लाखोंची वसाहत करायची, ही योजना मलाही भयंकर वाटते. १९५६ च्या विनियमानं आदिवासींसाठी राखलेल्या क्षेत्राच्या आसपासही धंद्याच्या मिषानं कुणी फिरकू नये, यावर माझं दुमत नाही. पण मी ज्याची बाजू घेतोय ते वेगळं आहे. आधीपासून वसलेल्या महसुली गावात, वसाहतकरी कुटुंबाचं रिकामं घर भाड्यानं घेऊन राहणारं एक बिऱ्हाड नवीन रान तोडत नाही, समुद्रकिनारा अडवत नाही. तुटपुंज्या पाण्यावर ते स्वतःच जगतं, म्हणून पाणी जपून वापरतं. विहीर आटली, शाळेत शिक्षक आला नाही किंवा बोट रद्द झाली, तर त्याची झळ त्या घराला लागते. मग पंचायतीच्या बैठकीत जाऊन बोलणं भागच पडतं. मुंबईत बसून हॉटेलचा हिशेब बघणाऱ्याला ही झळ कधीच लागत नाही. बेटांची काळजी असणाऱ्यांनी बाहेरचा माणूस आणि बाहेरचा पैसा यांत फरक करावा, एवढीच माझी त्यांना विनंती आहे. किनारे गिळतो तो दूर बसलेला पैसा.

तेव्हा ज्यांचं मन खरंच तिकडे ओढ घेतंय त्यांनी जानेवारीत, निळ्या पाण्याच्या भरात, निर्णय घेऊ नये. जूनअखेरीस जावं, चेन्नईहून जहाजानं जावं म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर अंतर अंगाला कळतं. मुलांसकट जावं. गोविंदनगर किंवा कृष्णनगरात दोन महिन्यांसाठी साधं घर घ्यावं, बाजारात काय मिळत नाही त्याची यादी करावी, कुठली यंत्रं कुणाकुणाकडे बंद पडून आहेत ते विचारावं, सुपारीवाल्याच्या खळ्यावर मदतीला बसावं. जमीन, करार, भांडवल यांचा विषय तोवर काढूच नये. ऑगस्टअखेर घरातल्या प्रत्येकाला, अगदी धाकट्यालाही, राहायचं का ते विचारावं. एकाचं जरी ‘नाही’ आलं तरी परत यावं. तेव्हा गेलेलं असेल ते दोन महिन्यांचं भाडं आणि जहाजाचं तिकीट. एकट्यानं दोन वर्षं जम बसवत राहिलेल्याचं नुकसान याहून कितीतरी मोठं असतं.